मोठा करून घेतलेला आवाज

पेटीचं मागचं झाकण निघालं आणि नेव्हिल ओल्डरॉइडच्या तोंडून शिवीच गेली.

"कुणी केला हा कसाईपणा?"

बासष्ट सालचा, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा, गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प. आतला ट्रान्सफॉर्मर उपटून कुणीतरी दुप्पट मोठा बसवला होता. स्पीकर बदललेला, पत्र्याला वेडीवाकडी भोकं पाडलेली. असला अ‍ॅम्प मूळ रूपात मिळावा म्हणून नेव्हिलने अर्धं यॉर्कशायर पालथं घातलं होतं. शनिवारी क्लबात बियर ढोसणाऱ्यांसमोर वाजवणारा माणूस तो, पण कानाचा पक्का. मूळच्या गोड आवाजाचं मातेरं झालं असणार, हे त्याला बघूनच कळलं.

"बॅरीने करून घेतलं," डोरीन म्हणाली. "त्याला आवाज मोठा हवा होता."

तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. ओठ फाटलेला. उरलेल्या डोळ्याने ती खिडकीतून गल्लीवर नजर ठेवून होती. "मिस्टर ओल्डरॉइड, तो गिरणीतून यायच्या आत उचला. द्याल ते द्या. नाही दिलंत तरी चालेल."

नवऱ्याची लाडकी वस्तू विकून ही पळणार, नेव्हिलला वाटलं. पळावंच. असल्या राक्षसाबरोबर कोण राहील? पण म्हणून हे धूड आपण का गळ्यात घ्यायचं? दया आली म्हणून कुणी लंगडा घोडा विकत घेत नाही.

"वाजवून तर बघू," तो म्हणाला.

बॅरीची गिटार अ‍ॅम्पलाच टेकवून ठेवली होती, वायर जोडलेली. तारा गंजलेल्या, एक तुटलेली, वर धुळीचा थर. नेव्हिलने बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. आवाजाची खुंटी आधीच शेवटच्या आकड्यावर होती. तो गिटारीला हात घालणार, तोच ती आपली आपण बोंबलायला लागली. गिटारवाल्यांना हे ठाऊक असतं. दणदणीत अ‍ॅम्पला गिटार टेकवली की तारा थरथरतात, अ‍ॅम्प ती थरथर वाढवतो, तारा आणखी चेकाळतात. माणसाचा हात लागतच नाही. शहाणा माणूस गिटार अशी कधी ठेवत नाही.

काचा हादरल्या. डोरीन भिंतीला पाठ घासत खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. ती भिंत शेजारच्या घराचीही होती. पलीकडून कुणीतरी धाडधाड बडवलं आणि एक म्हातारी किंचाळली, "बॅरी, मेल्या! आग लाव त्या तुझ्या संगीताला!"

नेव्हिलने घाईघाईने आवाज शून्यावर आणला.

"नाही पोरी, जमायचं नाही. याच्यात सूर राहिला नाही, नुसता कालवा आहे." त्याने खिशातून एक नोट काढली. "हे घे बसच्या तिकिटाला. जा इथून, जीव वाचव."

तिने नोटेकडे बघितलंसुद्धा नाही. "मी कुठे जाऊ? घर माझ्या आईचं आहे. मी नाही जायची. तुम्ही फक्त पेटी न्या हो. हात जोडते तुम्हाला."

"अगं, पण जायचं नाही तर विकतेस कशाला?"

ती काही बोलणार, तेवढ्यात पुढचं दार आपटलं.

बॅरी आत आला. त्याने उघडी पेटी बघितली, नेव्हिलला बघितलं आणि सरळ नाकावर ठोसा हाणला. हाड मोडल्याचं नेव्हिलला आतून ऐकू आलं. तो पडला तशी बरगडीत लाथ बसली, मग आणखी एक. तोंडात रक्त भरलं.

"माझी वस्तू विकतेस काय गं भवाने?" बॅरी वळून म्हणाला. "थांब, आलोच."

पण तो तिच्याकडे गेला नाही. अ‍ॅम्पकडे गेला. गिटार नीट टेकवली. आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली. घर पुन्हा बोंबलू लागलं. मग त्याने सावकाश कमरेचा पट्टा सोडला आणि मुठीला गुंडाळला. पितळी बकल खाली लोंबत होतं. गिटारीला हात लागतच नव्हता; मारायला दोन्ही मोकळे होते.

पहिला फटका डोरीनच्या खांद्यावर बसला. कातडी फाटली. तिचं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. नेव्हिल तिच्यापासून हातभर अंतरावर पडला होता. ती ओरडतेय हे त्याला दिसलं. ऐकू आलं नाही.

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याला मारताना बॅरीला हा आवाज लागला नव्हता; तिला मारताना लागत होता.

तो उठला कसा, त्यालाच माहीत. त्याने पेटी कडीला धरून उचलली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून शेकोटीच्या दगडावर आपटली. व्हॉल्व्ह फुटले. ठिणग्या उडाल्या. नेव्हिलने ती पुन्हा उचलली आणि पुन्हा आपटली.

"घेतला!" तो रक्त थुंकत ओरडला. "हा अ‍ॅम्प मी घेतला!"

बोंब थांबली. पट्टा तसाच वर धरून बॅरी फुटक्या पेटीकडे बघत राहिला. दार उघडं होतं. डोरीनला पळता आलं असतं. ती पळाली नाही. तिने छाती भरून श्वास घेतला आणि पट्टा खाली यायच्या आत, बेंबीच्या देठापासून ओरडली.

भिंतीपलीकडून म्हातारीचा आवाज आला, "अगं आई गं! डोरीन, त्या संगीताखाली तू ओरडायचीस का इतकी वर्षं?"