बावीस पावलं

“रिले सगळ्यात शेवटी,” बाबा म्हणाले होते. “गोड खाऊन झालं की मग कडू औषध.”

त्यामुळे त्यांची लेक सहा महिने त्या औषधाची वाट पाहत होती. विद्यापीठाच्या संघांचा पन्नास वर्षांचा इतिहास, त्या संघांचे जुने प्रशिक्षक असलेले बाबा सांगत आणि ती टाइप करी. फुटबॉल झाला, हॉकी झाली. ज्या नौकानयन संघाकडे स्वतःची होडीच नव्हती, त्याचीसुद्धा चार पानं झाली. विद्यापीठाने टाइप करायला माणूस देऊ केला होता. तिनेच नको म्हटलं. ते वर्ष येईल तेव्हा समोर आपणच असावं, एवढ्यासाठी.

ते वर्ष मंगळवारी दुपारी आलं.

बाबा खिडकीपाशी पाय लांब करून बसले होते. एका पायात मोजा, दुसरा उघडाच. “लिही. मुलींची चार गुणिले शंभर मीटर रिले, अंतिम फेरी. तिसऱ्या टप्प्यापर्यंत आपला संघ सगळ्यांच्या पुढे.”

तिने लिहिलं. चौथ्या टप्प्यावर ती स्वतःच उभी होती. तिच्या मागे, धावपट्टीवर, पांढरी चिकटपट्टी लावलेली. बॅटन घेऊन येणारी मुलगी त्या खुणेवर पोहोचली की हिने पळत सुटायचं; खूण जितकी मागे, तितकं लवकर. खुणेचं ते अंतर बाबा टेपने मोजत नसत. टाचेला चवडा भिडवत, स्वतःच्या बुटांनी मोजत. बावीस पावलं. एक वेळ टेप चुकेल पण सरांचे बूट चुकायचे नाहीत, असं मुलं म्हणत.

“पुढे?” तिने विचारलं.

“बॅटन देण्याघेण्याच्या हद्दीबाहेर हातात पडली. संघ बाद.” बाबा सावकाश चष्मा पुसत होते. “कारण, खूण बावीसऐवजी चोवीस पावलांवर होती. मोजताना प्रशिक्षकाची चूक झाली.”

तिची बोटं थांबली. चोवीस. हा आकडा अठ्ठावीस वर्षांत तिने कुणाजवळ काढला नव्हता. म्हणजे शर्यत संपल्यावर बाबा पुन्हा तिथे गेले होते. कुणी पट्टी उपटून टाकायच्या आत, टाचेला चवडा भिडवत, त्यांनी पुन्हा मोजलं होतं. आणि मग काय धरून चालले होते इतकी वर्षं? आपणच चुकलो, हे? की दुसरं काही?

“बाबा, तुम्ही कधी मोजायला चुकता का हो?”

“म्हातारा माणूस, चुकायचाच.”

“तेव्हा कुठे म्हातारे होतात?”

“आता आहे ना? मग वाद घालू नकोस. पूर्णविराम दे.”

तिने पूर्णविराम दिला. उद्या विचारू, ती मनाशी म्हणाली. उद्या चहाच्या वेळी, नक्की. मग बाबांना दुसरा मोजा हवा झाला. घरभर शोधल्यावर तो त्यांच्याच मांडीखाली सापडला, आणि दोघं हसली.

बुधवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी विद्यापीठाची क्रीडा संचालक पुस्तकाची छपाईआधी तपासायची पानं घेऊन घरी आली. तिसऱ्या टप्प्यावर धावलेली मुलगी ती हीच. त्या शर्यतीपासून तिला सगळे मालगाडी म्हणू लागले. पुढे पुढे तीच स्वतःला म्हणू लागली.

“मालगाडी आली गं,” ती दारातूनच म्हणाली. आणि दाराशी बाबांचे बूट दिसले तशी तिथेच रडू लागली.

पाणी प्यायल्यावर मालगाडीने चष्मा लावला आणि शेवटचं प्रकरण काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

“बाबांनी सांगितलं, मी टाइप केलं.”

“सर चुकले? मोजायला? सर?” तिने मान हलवली. “मला बरं वाटावं म्हणून गं. त्या दिवशी परतताना बसमध्येही माझ्या शेजारी येऊन हेच म्हणाले होते, ‘पोरी, मोजणं माझं चुकलं.’ मी तेव्हाही मानलं नाही. हात लांब करून तुझ्या पाठीमागे नुसती पळत होते मी, आठवतंय ना? तू पुढे, पुढे, आणि मी आपली हात वाढवतेय. माझेच पाय कमी पडले.”

तिने पर्समधून पेन काढलं. “उद्याची पोरं वाचतील, या सरांना धड मोजता येत नव्हतं. नको बाई. हे वाक्य काढू. तिसऱ्या टप्प्याची खेळाडू उशिरा पोहोचली, एवढंच ठेवू. माझं काय, मला सवय आहे.”

पेनाचं टोक ‘प्रशिक्षकाची’ या शब्दावर टेकलं.

बाबांचे बूट दाराशी होते, चवडे भिंतीला लावून. रोज फिरून आल्यावर ते तसेच काढून ठेवत. लेकीने तिकडे पाहिलं. स्टार्टरने पिस्तूल वर धरल्यावर व्हायची तशी छातीत धडधड होत होती. गप्प बसलं तर आत्ताही निभावेल, हे तिला कळत होतं. गेली अठ्ठावीस वर्षं निभावलंच होतं.

“थांब,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“तू वेळेवर आली होतीस.”

मालगाडीने चष्म्यावरून पाहिलं. पेन तिथेच.

“बाबांनी बावीसच मोजली होती,” ती म्हणाली. “ते आपले छातीवर लावायचे नंबर आणायला गेले, तेव्हा पट्टी मी सरकवली. मला लवकर सुटायचं होतं.”