वहीत राहिलेला कॉल

अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीन पुन्हा बसलं. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला आणि नौपाड्याच्या लॅबमधले चारही फोन एकदम वाजू लागले. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतची चाळीस केंद्रं रक्ताचे रिपोर्ट या एकाच मशीनकडून मागत. त्यावरचा प्रोग्राम मालूचा होता. ही तिसरी वेळ.

“गुरुवारी शेवटची ट्रायल,” दौलत सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. “परत बसलं तर काम दुसऱ्याकडे. तू पुन्हा डेटा एंट्रीला.”

रविवारी मालू डोंबिवलीला सरस्वती आत्याकडे गेली. सल्ला मागायला नव्हे, थालीपीठ खायला. आत्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे. तिची सव्वीस वर्षं कल्याणच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली होती, कानाला हेडफोन लावून परगावचे कॉल जोडण्यात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी घरच्या फोनवरही तीन मिनिटं झाली की ती “ठेवते गं” म्हणून रिसीव्हर खाली ठेवी. समोरचा वाक्याच्या मधे असला तरी. बारावीच्या निकालाच्या दिवशी मालूचे गणिताचे मार्क असेच तोंडात राहिले होते. तेव्हा ती रडली होती. घरात मात्र त्याचा विनोद झाला: आत्याला काही सांगायचं तर आधी पाठ करून या.

“अडतंय कुठे?” तव्यावर झाकण ठेवत आत्याने विचारलं.

मालूने सांगितलं. केंद्राकडून मागणी आली की प्रोग्राम तिच्यासाठी एक थ्रेड सोडतो. थ्रेड म्हणजे कामाचा एक हात. दहा मागण्या, दहा हात. पण मधेच एखाद्या केंद्राची लाइन गेली, तर तो हात उत्तराची वाट बघत तसाच उभा राहतो. अकरा वाजेपर्यंत दोनशे हात नुसते उभे, आणि मशीनचा दम संपतो.

“एका वेळी किती हात चालतात तुला?”

“लागतील तेवढे. कुणाला ताटकळत कशाला ठेवायचं?”

“आणि वाट किती वेळ बघायची?”

“उत्तर येईपर्यंत.”

आत्या हसली. “भलतीच सोशिक आहेस गं. माझ्या बोर्डावर बारा दोऱ्या होत्या. बारा कॉल जोडले की तेरावा वहीत. सोलापूर उचलत नसेल तर मी दोरी धरून बसायचे का? अर्ध्या मिनिटात काढायची, पुढच्याला लावायची. बोलणाऱ्यांनाही तीनच मिनिटं.”

“सरळ तोडायचीस?” मालूचा आवाज जरा कडू झाला. “आणि ज्याचं राहिलं त्याने काय करायचं?”

आत्याने थालीपीठ उलटलं.

“तोडलं म्हणजे विसरलं असं नसतं, मालू. ज्याचं राहिलं त्याचं नाव वहीत असतं. गर्दी ओसरली की आपण होऊन फोन लावायचा. त्याने परत मागायची वाट बघायची नाही.”

मालूने हातातला घास ताटात ठेवला आणि पर्समधून पेन काढलं.

गुरुवारी प्रोग्रामला बाराच हात होते. तेरावी मागणी रांगेत. तीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर हात मोकळा, आणि केंद्राचं नाव यादीत. टिटवाळ्याची लाइन तीनदा गेली. तिन्ही वेळा प्रोग्रामने ती सोडून दिली आणि पुढच्या केंद्राचं काम घेतलं. अकरा दहा झाले. दौलत सर मालूच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बाण हलत होता. बारा वाजता रांग संपली, आणि कुणी न सांगता मशीनने टिटवाळ्याला स्वतःहून फोन लावला. अडकलेले साठ रिपोर्ट निघून गेले.

“डेटा एंट्रीला आता दुसरं कोणीतरी बघायला लागणार,” सर म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

मालूने डोंबिवलीला फोन लावला. सवयीप्रमाणे पाठ करूनच ठेवलं होतं. बारा हात, तीस सेकंद, टिटवाळा, सर, चहा, सगळं भरभर सांगून ती थांबली आणि “ठेवते गं”ची वाट बघू लागली. भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं होऊन गेली. मग चार.

“आत्या, वेळ झाली.”

“दिसतंय मला घड्याळ.” तारेवर थोडी खरखर झाली. “मालू, बारावीला गणितात किती पडले होते गं तुला?”