दोन थापा

पाचवी स्कूटर, आणि काशीराम पुन्हा मागच्याच सीटवर जाऊन बसले.

"काका, पुढे बसा ना! चालवायची तुम्हाला आहे," शोरूममधली सेल्सगर्ल कादंबरी हसत म्हणाली.

"बसू दे गं, पोरी." काशीरामांनी पाय ठेवायची जागा चाचपली, मागची दांडी धरून पाहिली. मग हात लांब करून समोरच्या रिकाम्या हवेत दोनदा थापटलं. "नाय. हात पोचत नाय."

त्यांच्या मुलाने, केतनने, कपाळाला हात लावला. सकाळपासून पनवेलमधलं हे दुसरं शोरूम. एका गाडीची सीट उतरती, एकीची मागची दांडी टोचते, एकीवर पाय लोंबकळतात. हँडल, ब्रेक, बॅटरी यांच्याकडे बाबांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. "आज ठरलं नाही तर विषय बंद. यापुढे रिक्षा," असं त्याने घरूनच बजावलं होतं. त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. घरची जुनी गिअरची स्कूटर सुरू करायची तर आधी तिला आडवी कलती करायची, मग चार किका मारायच्या. आणि बाबांना सत्तरावं लागलेलं.

पण काशीरामांचा जीव अडकला होता तो संध्याकाळच्या फेरीत. नवीन पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं आणि बायकोबरोबर, जनीबरोबर, ओव्याला जायचं. आपलं गाव ते. देवळाच्या पायरीवर जुन्या मंडळींशी तासभर गप्पा मारायच्या. रिक्षावाला काय तासभर थांबतोय! ही फेरी सुटली तर उरलं काय? दोन वेळचं जेवण आणि टीव्ही.

जनी भिंतीकडच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. आई कंटाळली असेल, असं केतनला वाटलं.

"बाबा, आईच्या बसण्याचं बघताय ना?" त्याने जरा नरमून विचारलं. काशीराम पुन्हा मागची सीट चाचपू लागले.

बघणारच की. तीस वर्षं जनीने त्या जुन्या स्कूटरच्या मागे बसून काढली होती. पुढे पायाशी मासळीची पाटी, मागे जनी, आणि सगळी सेक्टरं पालथी घालायची. वरच्या गॅलरीतून कुणी "मावशी, कोळंबी आहे का?" म्हणून हाक मारली की गाडी थांबवायची कशी? नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नाही, आणि 'अहो' म्हटलेलं त्या फटफटाटात ऐकू जायचं नाही. मग जनीने स्वतःचीच युक्ती काढली. खांद्यावर एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे चला.

सुट्टीच्या दिवशी केतनही असायचा, बाबांच्या पुढ्यात, पाटीला गुडघे टेकवून उभा. शाळेत पोरं नाक दाबायची. तो चिडायचा, रडायचासुद्धा. पण मागून बाबांच्या खांद्यावर दोन थापा पडल्या आणि गाडी उसळून निघाली की राजा असल्यासारखं वाटायचं. किती सुखाचे दिवस होते ते! पाच वर्षांपूर्वी आईला धंदा त्यानेच सोडायला लावला होता. आता शोरूमच्या एसीत उभं राहून त्याला तो मासळीचा वास हवाहवासा वाटला.

"ती कोपऱ्यातली दाखवा," तो कादंबरीला म्हणाला. "बुटकी आहे, सीट सपाट आहे."

काशीराम मागे बसले. पाय नीट टेकले. "पोरी, जरा पुढं बस."

कादंबरी हसू दाबत पुढे बसली. काशीरामांचा हात तिच्या खांद्यावर अलगद पडला. त्यांचा चेहरा फुलला. "पोचला! हीच घ्यायची."

"सुटलो बाबा एकदाचे!" केतन म्हणाला.

कादंबरीने फॉर्म काढला. "काका, लायसनची कॉपी लागेल."

काशीरामांनी मान खाली घातली. "माझं नको. तिचं घे."

जनीने पिशवीची चेन उघडली. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांतून नवंकोरं लायसन निघालं. फोटोत ती भूत बघितल्यासारखी समोर बघत होती.

"आई? तू?"

"सुनेच्या गाडीवर शिकली. तू कामावर गेलास का आमी दोघी मैदानात," जनी म्हणाली. "तीनदा पडली. सांगू नको बोलले हे."

"मला डाव्या डोल्यानं दिसत नाय, बाला," काशीराम हळूच म्हणाले. "उजवाबी धड नाय. डॉक्टर बोलले, गाडी सोडा. तुला सांगितलं असतं तर तू बोलला असतास, मग स्कूटर कशाला पायजे?"

केतन तसंच म्हणाला असता, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली. मग त्याने पुढे होऊन फॉर्मवर मालकाच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं.

आठ दिवसांनी गाडी बिल्डिंगखाली आली. हार घातला, नारळ फुटला. जनी पदर खोचून पुढे बसली, काशीराम मागे टेकले. गाडी सुरू झाली होती, ब्रेकही सुटला होता, तरी जनी हँडल धरून तशीच थांबली.

"आई, निघ ना! कशाची वाट बघतेस?" केतन म्हणाला.

काशीरामांनी तिच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.