दोन पेले

लंडनमध्ये वाढलेला लिओन वडिलांच्या गावी, तोंडवलीला राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच त्याला डेंग्यूने गाठलं. हाडं नुसती ठणकत होती. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून घरमालकीण ग्लोरियाआंटी भर दुपारीही मच्छरदाणी गादीखाली घट्ट खोचून ठेवायची.

पपईच्या पानांचा रस मात्र ती दोन पेल्यांत आणायची.

"दुसरा कुणाचा?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुझ्या बाजूक निजलो आसा तेचो. तेका पण ताप आसा मरे."

पलंगावर दुसरं कुणीच नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत दोन्ही पेले रिकामे व्हायचे, आणि शेजारची उशी घामाने ओलीचिंब असायची.

पाचव्या दिवशी लिओनची हाडदुखी एकाएकी थांबली. अंग हलकं, थंडगार झालं. ग्लोरियाआंटी आली ती एकच पेला घेऊन. त्याने हात पुढे केला.

ती वळसा घालून पलीकडे गेली. मच्छरदाणी उचलून तिने रिकाम्या उशीच्या वर, कुणाच्या कपाळावर ठेवावा तसा, हवेतच हात टेकवला, आणि तिचा चेहरा उजळला.

"ताप उतरलो रे तुझो, लिओन!"

"आंटी, मी इकडे आहे."

तिने वळूनही पाहिलं नाही. हात लांबवून तिने त्याच्या डोक्याखालची उशी ओढून घेतली आणि पलीकडे टेकू म्हणून लावली.

कुणीतरी रेलून बसावं तशी ती उशी हळूहळू दबली.