पे मान्दोकच्या चपला

हेरिनचा चेहरा भलत्याच बाईच्या उघड्या अंगाला चिकटवून कुणीतरी तो फोटो कॉलेजभर फिरवला. कुणी, ते कळलंच नाही. तिने नंबर बदलला, खोली बदलली आणि एकट्या राहणाऱ्या मुली कोरियातल्या देगू शहरात करतात तेच केलं: पार्सलं पुरुषाच्या नावाने मागवायला लागली. नाव ठेवलं पे मान्दोक. ऐकूनच गडी दांडगा वाटावा.

"काय म्हणतात आमचे जावई?" ताई फोनवर चिडवायची. "कमाई शून्य, आणि किमची मात्र डबे डबे मागवतात!"

"पण घोरत नाहीत हं," हेरिन म्हणायची. मान्दोक आल्यापासून तिला पुन्हा झोप लागायला लागली होती.

आज दाराबाहेर मान्दोकच्या नावाचा खोका होता. आत पुरुषी चपला, नव्याकोऱ्या.

"ताई, चपला तू पाठवल्यास?"

"मी? नाही गं. का?"

तेवढ्यात तिच्या नव्या नंबरवर अनोळखी मेसेज आला.

"तू दार उघडतेस तेव्हा आत फक्त तुझ्याच चपला दिसतात. या शेजारी ठेव. माझ्या मापाच्या आहेत."