दृष्टीआड सृष्टी

मृणालिनी दोन वर्षांनी माहेरी आली आणि थेट बाल्कनीत अण्णांसमोर जाऊन बसली. त्यांचे नवे कृत्रिम डोळे तिच्याच कंपनीचे होते. त्यांतली, समोरचं चित्र रेखाटणारी ग्राफिक्स चिप नवी, बारीक पाच नॅनोमीटरची घ्यायची की जुनी अठ्ठावीसची, हे तिनेच ठरवलं होतं. जुनी स्वस्त पडायची, तिने तीच घेतली; पण ती तापायची. म्हणून तिच्यावरचा भार कमी करायला क्वचित भेटणारी माणसं चिपने रेखाटायचीच नाहीत, असं ठरलं. "दृष्टीआड सृष्टी," ती मीटिंगमध्ये म्हणाली होती आणि सगळे हसले होते.

"अण्णा, दिसतंय ना नीट?"

"झकास. तुझी आई आत चकल्या तळतेय, तेसुद्धा इथून दिसतं," अण्णा तिच्या आरपार बघत म्हणाले. "पण फोनवर किती चौकशी करशील, पोरी? एकदा येऊन बस की समोर."