यशोधरासाठी गॉगल

“भाभी के लिए?” हरेशभाईंनी विचारलं.

“हो, हिच्यासाठीच,” महेंद्र म्हणाला. “चांगल्यातला दाखवा. उन्हात हिचे डोळे चुरचुरतात.”

दुपारचं लोडशेडिंग चालू होतं. उल्हासनगरच्या बाजारातल्या हरेशभाईंच्या चष्म्याच्या दुकानात इन्व्हर्टरवर एकच ट्यूब जळत होती. यशोधरा आरशासमोर स्टुलावर बसली. महेंद्र तिच्या मागे उभा राहिला.

गॉगलचं यशोधरानेच काढलं होतं. अंगणवाडीतून भर उन्हात घरी यायचं, डोळे दुखतात, म्हणाली. महेंद्र लगेच तयार झाला. आज बदलापूरहून निघताना तो व्हॅन काढत होता, पण तीच म्हणाली, “नको, बाजारात लावायला जागा मिळत नाही.” मग दोघं बसने आली.

अंबरनाथ एमआयडीसीतली त्याची कंपनी बंद पडली आणि वेल्डिंगचं काम सुटलं. तेव्हापासून तो बदलापूरच्या कात्रप भागातल्या पोरांना व्हॅनने शाळेत सोडायचा. पोरं त्याला महेंद्रकाका म्हणत. दिवाळीच्या सुट्टीआधी व्हॅन एकदा शाळेच्या गेटला घासली होती. ब्रेक सैल झालेत, असं त्याने सगळ्यांना सांगितलं आणि गाडी मेकॅनिककडून आणली. आता सुट्टी संपत आली होती. सोमवारी शाळा उघडणार होती.

हरेशभाईंनी दोन गॉगल काउंटरवर ठेवले. एक मोठ्या गोल काचांचा, दुसरा चौकोनी.

“आजकल बडा चलता है, भाभी. कॉलेजच्या सगळ्या मुली हाच नेतात.”

“मी काय कॉलेजातली आहे?” यशोधरा हसली. “अहो, कुठला घेऊ?”

“तुला आवडेल तो.”

“तुम्ही सांगा ना.”

महेंद्रने हात पुढे करून एक गॉगल घेतला. दांड्या उघडल्या, मिटल्या. काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. जुना वेल्डर, कुठलीही वस्तू आधी सांध्यापाशी तपासायची सवय.

“हा मजबूत आहे.”

“मजबुती नाही हो, रंग कसा आहे?”

“बरा आहे. या अंधारात काय कळतंय?” मग हरेशभाईंकडे वळून त्याने विचारलं, “जास्त काळा कुठला? म्हणजे डोळ्यांना सेफ?”

“काळा म्हणजे सेफ नाही, साईं,” हरेशभाई म्हणाले. “साधी काच नुसती काळी केली तर उलटं नुकसान. अंधारात आपली बाहुली मोठी होते ना? मग सगळी किरणं सीधी आत. काच यूव्हीवाली पाहिजे. फिकी असली तरी चालेल.”

महेंद्रच्या हातात गॉगल तसाच राहिला.

“काय झालं?” यशोधराने विचारलं.

“काही नाही. कंपनीतली तोंडावर धरायची शील्ड जड लागायची, म्हणून ती खुंटीला टांगून ठेवायचो. फुटपाथवरचा काळा गॉगल लावून वेल्डिंग करायचो. सगळे हिरो म्हणायचे.” तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. “वाटायचं, काळा आहे ना, मग झालं.”

“मी किती वेळा सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस.”

हरेशभाई कापडाने काचा पुसत राहिले. महेंद्र म्हणाला, “तूपण मागितला होतास एकदा. अंबरनाथच्या जत्रेत. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं.”

“आणि तुम्ही म्हणालात, हिरोईन होणार आहेस का?”

“चुकलंच माझं. तेव्हाच घ्यायला पाहिजे होता.” त्याने हातातला गॉगल चाचपत काउंटरवर ठेवला. “तुला तेव्हाच नीट बघून घ्यायला पाहिजे होतं.”

यशोधरा आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. तोही आरशाकडेच बघत होता, पण तिच्या नजरेला नजर देत नव्हता. एवढ्या वर्षांनी असं बोलून गेला म्हणून लाजला असेल, असं हरेशभाईंना वाटलं.

तेवढ्यात लाइट आली. दुकान लख्ख झालं, पंखा घरघरला.

“आता सांगा,” यशोधरा म्हणाली. “गोल की चौकोनी?”

“घालून दाखव.”

ती उठली. तिच्या हाताने काउंटरवर खट्‌ असा आवाज झाला.

“आत नको. मी दारात उभी राहते, उन्हात. तिथे नीट कळेल.”

ती पायरीवर जाऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे वळली. कार्तिकातलं ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं.

“हा गोल. कसा दिसतो?”

महेंद्रने मान जराशी तिरकी केली.

“मस्त,” तो म्हणाला. “खरंच मस्त. चेहराच बदलला तुझा.”

“मोठा नाही ना वाटत?”

“छे गं! बरोब्बर बसलाय. हाच घे.” त्याचा आवाज मोकळा झाला होता. “सोमवारी तुला मीच अंगणवाडीत सोडतो. पुढच्या सीटवर बस, हा लावून. व्हॅनमधली पोरं बघत राहतील.”

यशोधराने दाराची चौकट धरली.

“काळ्या काचेमागे डोळे दिसत नाहीत तुझे,” तो हसत म्हणाला, “तेवढंच वाईट.”

हरेशभाई काहीतरी बोलणार होते. यशोधराने मान हलवून त्यांना थांबवलं. दोन्ही गॉगल काउंटरवर तसेच पडले होते, आणि तिच्या उघड्या डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं.